डिझेल मालमोटारीचे मोठे टायर व क्राऊन-पिनियनची निवड

शेतीच्या कामास लावलेल्या डिझेल मालमोटारीवर कारखान्याने दिलेल्या टायरांपेक्षा मोठे टायर चढविण्याचा प्रघात बराच रूढ झाला आहे. गाडी चिखलात रुतू नये, बांध व दगड यांवरून जाताना तिचे पोट घासू नये, अशी मालकाची अपेक्षा असते. आणि ती गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु टायर बदलताच गाडीतील एक महत्त्वाचे प्रमाण आपोआप बदलते, व त्याची मालकास वार्ताही नसते. पुढे चढणीवर गाडी मरगळू लागली, क्लच अकाली झिजला, की दोष एंजिनास किंवा गाडी हाकणारास दिला जातो. वस्तुतः दोष दोघांचाही नसतो. तो मागील आसातील क्राऊन व पिनियन या दोन दातेरी चाकांचे प्रमाण आणि नवे टायर यांचा मेळ न घातल्याचा असतो. हा मेळ कसा घालावा, तो घालण्याची गरज केव्हा असते व केव्हा नसते, याचे विवेचन या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. यात लागणारे गणित त्रैराशिकापलीकडचे नाही.

१. बैलगाडीचे चाक आणि मोटारीचे चाक

चाक जितके मोठे तितकी गाडी हलकी चालते, हा बैलगाडीचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. मोठे चाक खाचखळग्यांत कमी अडकते व बैलांस ओढ कमी पडते. हाच अनुभव मोटारीस लावला म्हणजे मात्र फसगत होते. बैलगाडीत बैल जूं ओढतात, आणि चाक केवळ मागून लोळत येते. मोटारीत चाक ओढले जात नाही; एंजिन ते तुंब्यापाशी पिळते, आणि त्या पिळाच्या जोरावर चाकाचा कडेचा भाग जमिनीस मागे रेटून गाडी पुढे नेतो.

तुंब्यापाशी लाविलेला पीळ तोच राहिला आणि तुंब्यापासून जमिनीचे अंतर वाढले, तर जमिनीवर पडणारा रेटा त्याच प्रमाणात कमी होतो. विहिरीवरील रहाटाचा रूळ जाड केला तर एका फेऱ्यात दोर अधिक गुंडाळला जातो खरा, परंतु दांडा फिरविणाराच्या हातास भरलेली घागर जड लागते. मोठ्या टायराचे तसेच आहे. एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर तोडते, पण ओढण्याची शक्ती कमी होते. म्हणजे मोठा टायर चढविणे हा गाडीचे सर्व गिअर एकदम बदलण्याचाच एक प्रकार होय.

२. क्राऊन-पिनियनचे प्रमाण म्हणजे काय

गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागील आसापर्यंत जातो. त्याच्या टोकास पिनियन हे लहान दातेरी चाक असते व ते क्राऊन या मोठ्या दातेरी चाकास फिरविते. क्राऊनच्या दातांस पिनियनच्या दातांनी भागिले असता जो आकडा येतो, ते त्या आसाचे प्रमाण. क्राऊनला ४१ व पिनियनला ११ दात असतील तर प्रमाण ३.७३ झाले, म्हणजे शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. ४१ व १० दातांस ४.१०, आणि ४१ व ९ दातांस ४.५६ असे प्रमाण येते.

आकडा जितका मोठा तितकी ओढ अधिक व वेग कमी. आकडा जितका लहान तितका वेग अधिक व ओढ कमी, एवढे सूत्र ध्यानी ठेवावे. यावरून टायर व क्राऊन-पिनियन यांचा संबंध उघड होतो. टायर मोठा केल्याने जे गमावले ते प्रमाणाचा आकडा वाढवून परत मिळविता येते.

३. जीपगाडीचा दाखला

आसाचे प्रमाण कामास अनुसरून कसे बदलावयाचे असते, याचा उत्तम दाखला जीपगाडीच्या इतिहासात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कारखान्याने जी लष्करी जीप बनविली, तिच्या आसांचे प्रमाण ४.८८ होते, क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दात. १९४५ साली युद्ध संपताच त्याच कारखान्याने नागरी वापराची, विशेषतः शेतकऱ्यांस डोळ्यांपुढे ठेवून केलेली, सीजे-२ए ही जीप बाजारात आणिली. एंजिन त्याच जातीचे व टायरही ६.००-१६ याच मापाचे होते. परंतु आसांचे प्रमाण ५.३८ केले, म्हणजे क्राऊनला ४३ व पिनियनला ८ दात. युद्धात वेग हवा होता. शेतात नांगर व मालाचा जोडगाडा ओढावयाचा होता. कारखान्याने वेग थोडा सोडला आणि सुमारे दहा टक्के ओढ पदरात पाडून घेतली. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीजच्या जीपगाड्या या देशात जुळविण्यास आरंभ केला, त्यामुळे या घराण्याची गाडी आपल्याकडील शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे.

आता अशा ५.३८ प्रमाणाच्या जीपला कोणी हौसेने ७.००-१६ मापाचे, म्हणजे साधारण दोन इंच अधिक उंच, टायर लाविले तर काय होईल? तिचे परिणामी प्रमाण पाचाच्या आसपास उतरेल. शेतीसाठी म्हणून कारखान्याने वाढवून दिलेल्या ओढीपैकी बराचसा भाग मालकाने स्वतःच्या हाताने परत करून टाकिला, असेच म्हणावे लागेल. ती जीप पेट्रोलवर चालणारी होती; डिझेल गाडीत हा प्रश्न अधिक नाजूक का होतो ते आता पाहू.

४. डिझेल एंजिनाचा स्वभाव

डिझेल एंजिन मंदगतीने व जोराने काम करणारे आहे. त्याचा सर्वांत मोठा पीळ थोड्या फेऱ्यांवरच मिळतो, व वर जाण्याची मर्यादाही लवकर येते. याचा अर्थ असा की, त्याच्या कामाचा पट्टा अरुंद असतो. या पट्ट्याच्या खाली ओझ्यासह एंजिन रेटले तर डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर निघतो, निकासाचे तापमान वाढते आणि धक्के क्लच व गिअरबॉक्स सोसतात. पट्ट्याच्या वर नेले तर नियामक डिझेल तोडतो आणि जोर खुंटतो.

डिझेलात जोर पुष्कळ असल्याने टायर थोडे मोठे लाविले तरी काही बिघडत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आढळतात. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. जोर पुष्कळ आहे हे खरे; परंतु तो विवक्षित फेऱ्यांवरच आहे, हे विसरले जाते. म्हणून प्रमाण निवडताना विचारावयाचा प्रश्न असा, की ज्या वेगाने व ज्या ओझ्याने माझी गाडी बहुतेक काळ चालते, त्या वेळी एंजिन आपल्या पट्ट्यात राहते की नाही?

५. आपल्या गाडीचे मोजमाप

कोणताही निर्णय करण्यापूर्वी तीन आकडे हाती असले पाहिजेत: जुन्या टायराचा व्यास, नव्या टायराचा व्यास, आणि आसाचे सध्याचे प्रमाण.

टायराचा व्यास त्यावरील अंकांवरून काढिता येतो. २६५/७० आर १७ असे लिहिले असता २६५ ही टायराची मिलिमीटरमधील रुंदी, ७० म्हणजे रुंदीच्या शेकडा किती उंची, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. रुंदीचे ७० टक्के १८५.५ मिलिमीटर, ती उंची खाली व वर अशी दोनदा धरावी, म्हणजे ३७१, त्यात १७ इंचांचे ४३२ मिलिमीटर मिळविले की व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर आला.

ओझ्याखाली टायर दबतो, म्हणून अधिक बिनचूक मोजणी अशी करावी. गाडी नेहमीच्या ओझ्यानिशी सपाट जागी उभी करावी, टायरात योग्य हवा असावी. टायरावर व त्याखालील जमिनीवर खडूची खूण करून गाडी सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे होईपर्यंत हळूहळू न्यावी. कापलेले अंतर मोजून दहांनी भागावे, म्हणजे एका फेऱ्याची खरी लांबी मिळते. जुन्या व नव्या टायरांच्या तुलनेसाठी हाच आकडा उत्तम.

आसाचे प्रमाण पुष्कळदा आसावरील पट्टीवर किंवा गाडीच्या कागदपत्रांत नमूद असते. तसे नसेल, अथवा गाडी जुनी घेतलेली असून पूर्वीच्या मालकाने काय बदलले हे कळत नसेल, तर ते मोजून घ्यावे. पुढील चाकांच्या दोन्ही बाजूंस लाकडी ठोकळे घट्ट लावावेत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हातब्रेक सोडावा, आणि मागील एकच चाक जॅकने उचलून आसाखाली भक्कम टेकू द्यावा. उचललेले चाक हाताने बरोबर २० फेरे फिरवावे व तेवढ्या अवधीत प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. एक चाक जमिनीवर थांबलेले असल्याने डिफरन्शियल अर्ध्याच गतीने फिरते. म्हणून २० फेऱ्यांस शाफ्टचे ३७ व वर थोडे फेरे झाले तर प्रमाण ३.७३, आणि ४१ फेरे झाले तर ४.१० समजावे. ज्या गाडीस चाके परस्परांशी बांधून ठेवणारे डिफरन्शियल आहे तिची दोन्ही चाके उचलून ती एकदम दहा फेरे फिरवावीत. शाफ्टच्या फेऱ्यांचा अर्थ तोच राहतो.

हे तीन आकडे मिळाले की सूत्र सोपे आहे: जुन्या प्रमाणास नव्या टायराच्या व्यासाने गुणावे व जुन्या टायराच्या व्यासाने भागावे. जो आकडा येईल त्या प्रमाणाने गाडीची चाल पूर्ववत् होईल.

६. एक प्रत्यक्ष उदाहरण

मोठ्या टायरांची हौस व जड जोडगाडे ओढण्याची गरज ही दोन्ही अमेरिकेतील शेतकरी व गुरेपालकांत एकत्र आढळतात, म्हणून उदाहरण तेथील घेतो. २००४ सालची डॉज रॅम २५०० ही कमिन्स डिझेल एंजिनाची चारही चाकांस जोर देणारी गाडी ३.७३ व ४.१० अशा दोन प्रमाणांत मिळत असे. तिचे ५.९ लिटरचे एंजिन सर्वांत मोठा पीळ १,६०० फेऱ्यांच्या सुमारास देते, व सर्वाधिक अश्वशक्ती २,९०० फेऱ्यांवर देते. तिच्या सहा गिअरांच्या हाती गिअरबॉक्सात पहिला गिअर ५.६३, पाचवा १ व सहावा ०.७३ आहे.

एखाद्या मालकाने ३.७३ प्रमाणाच्या अशा गाडीचे २६५/७० आर १७ टायर काढून ३१५/७० आर १७ चढविले असे समजू. नव्या टायराचा व्यास सुमारे ८७३ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा पावणेनऊ टक्के अधिक. ३.७३ ला ८७३ ने गुणून ८०३ ने भागिले तर ४.०६ येते. या आकड्याजवळ तयार मिळणारे प्रमाण ४.१० होय. काहीच न बदलता गाडी तशीच चालविली तर तिचे परिणामी प्रमाण ३.४३ उरते.

ताशी १०० किलोमीटर वेगाने एंजिनाचे दर मिनिटास होणारे फेरे येणेप्रमाणे:

जुना टायर, ३.७३: सहाव्या गिअरात १,८००, पाचव्यात २,४६५.
मोठा टायर, ३.७३: सहाव्यात १,६५५, पाचव्यात २,२६५.
मोठा टायर, ४.१०: सहाव्यात १,८२०, पाचव्यात २,४९०.
मोठा टायर, ४.५६: सहाव्यात २,०२५, पाचव्यात २,७७०.

दुसऱ्या ओळीकडे पाहता १,६५५ फेरे काही वाईट नाहीत, असे वाचकांच्या मनात येईल. आणि ते बरोबर आहे. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर या फेऱ्यांवर सुखाने चालेल. अडचण अन्यत्र आहे. गुरांनी भरलेला जोडगाडा घेऊन ताशी ६५ किलोमीटर वेगाने चढण चढत असता, जुन्या टायरांवर पाचव्या गिअरात एंजिनाचे फेरे १,६०० होते, म्हणजे ऐन पिळाच्या ठिकाणी. मोठ्या टायरांवर तेच फेरे १,४७५ पर्यंत खाली येतात, आणि जमिनीवरचा रेटाही आठ टक्के कमी झालेला असतो. एंजिन कण्हू लागते व चौथ्या गिअरात उतरणे भाग पडते. ४.१० प्रमाण केले असता फेरे पुन्हा १,६२० होतात व गाडी पूर्वीसारखी पाचव्यातच चढते.

जागेवरून सुटतानाही हाच भेद. पहिल्या गिअरात जुन्या टायरांवर एंजिनाचा पीळ २१ पट होऊन चाकास मिळत होता. मोठ्या टायरांमुळे तो १९ पटींच्या थोडा वर इतकाच असल्यासारखे होते. उणीव भरून काढण्यासाठी चालक क्लच अधिक वेळ अर्धवट दाबून धरतो, व झीज तेथे होते. ओझ्यासह चढावर उलट नेताना तर हे विशेष जाणवते. ज्या गाडीस आपोआप बदलणारे गिअर आहेत तिचा क्लच जळत नाही, पण तेथे गिअरबॉक्सचे तेल तापते. नुकसान केवळ जागा बदलते.

येथे एक आक्षेप संभवतो. या गाडीस लो-रेंज आहे. ती घातली की ओढ २.७२ पट होते, मग आठ टक्क्यांची काय मातब्बरी? शेतात, चिखलात व नदीच्या पात्रात हा आक्षेप अगदी योग्य आहे. किंबहुना केवळ शेतात रुतण्याच्या भीतीने क्राऊन-पिनियन बदलणारा मालक बहुधा व्यर्थ खर्च करितो. परंतु लो-रेंज कठीण रस्त्यावर वापरावयाची नसते. चारही चाके एकत्र बांधली गेल्याने वळणावर आसांत व शाफ्टांत ताण साचतो. म्हणून प्रमाण बदलण्याची गरज शेतात ठरत नाही. ती ओझ्यासह पक्क्या रस्त्यावर व घाटात ठरते.

७. निवड कशी करावी

वरील विवेचनावरून पुढील नियम निघतात.

पहिला: टायराच्या व्यासातील वाढ शेकडा तीनचारच्या आत असेल तर प्रमाण बदलू नये. इतका फरक नवा टायर व झिजलेला टायर यांतही जवळजवळ असतो.

दुसरा: वाढ अधिक असून गाडी बहुतेक काळ रिकामी किंवा अल्प ओझ्याची, सपाट मुलखात चालत असेल, तर बदल न करिताही भागते. सहावा गिअर जड वाटल्यास पाचव्यात चालवावी.

तिसरा: गाडी नित्य ओझे किंवा जोडगाडा ओढीत असेल व वाटेत चढाव असतील, तर सूत्राने येणाऱ्या आकड्याच्या लगतचे मोठे प्रमाण निवडावे. मोठे टायर वजनानेही जड असतात, त्यांस फिरविण्यास व थांबविण्यास अधिक शक्ती लागते, आणि उंच झालेल्या गाडीस वाराही अधिक अडवितो. हे सूत्रात येत नाही, म्हणून थोडे झुकते माप ओढीकडे द्यावे.

चौथा: त्याहून पुढची पायरी, आमच्या उदाहरणातील ४.५६, ही ज्याचा जोडगाडा क्वचितच सुटतो आणि ज्याची वाट डोंगराळ आहे त्यानेच घ्यावी. पाचव्या गिअरात ताशी १०० किलोमीटरला एंजिन २,७७० फेऱ्यांवर, म्हणजे मर्यादेच्या काठावर येते. इतरांस त्यात आवाज, झीज व डिझेलचा खर्च एवढेच पदरी पडेल.

फेरे कमी म्हणजे डिझेलची बचत, हाही एक समज विचारात घेण्यासारखा आहे. हलक्या ओझ्यावर तो बव्हंशी खरा ठरतो. परंतु एंजिन पट्ट्याखाली जाऊन चालकास वारंवार खालच्या गिअरात उतरावे लागले, तर कमी फेऱ्यांचा लाभ कागदावरच राहतो.

८. ध्यानी ठेवावयाच्या गोष्टी

चारही चाकांस जोर देणाऱ्या गाडीत पुढील व मागील दोन्ही आसांचे प्रमाण एकच असले पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी केवळ मागील आस बदलल्यास, पुढील जोर घालताच दोन आस एकमेकांशी भांडू लागतील व ट्रान्सफर केस फुटेल. म्हणजे खर्च दुहेरी धरूनच विचार करावा. टायरही चारही एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत.

क्राऊन व पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळविलेली असते. एकाचा क्राऊन व दुसऱ्याचा पिनियन कधीही घालू नये. प्रमाणाचा आकडा वाढला म्हणजे पुष्कळदा पिनियन लहान होतो व त्याची ताकद थोडी घटते. म्हणून गरजेपेक्षा मोठे प्रमाण ही शक्तीची नव्हे, दुबळेपणाची वाट आहे. काही आसांत विशिष्ट प्रमाणापलीकडे गेल्यास डिफरन्शियलची पेटीही बदलावी लागते. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

जोडी बसविणे हे सामान्य मिस्त्रीचे काम नव्हे. पिनियनची खोली, बेअरिंगांचा ताण व दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजून ठरवावी लागते, आणि दातांस रंग लावून त्यांचा ठसा पाहावा लागतो. ठसा दाताच्या टोकास किंवा कडेस पडत असेल तर काम अपुरे आहे असे समजावे. कारखान्याने सांगितलेलेच हायपॉइड गिअरतेल घालावे. आरंभीचे काही शे किलोमीटर ओझ्यावाचून व मधूनमधून थंड होऊ देत गाडी चालवावी, आणि मग तेल बदलावे.

वेगदर्शकाचा काटाही आता खोटे बोलेल. वरील उदाहरणात प्रमाण न बदलता टायर मोठे केले तर काटा ८० दाखवीत असता गाडीचा खरा वेग ८७ असतो. प्रमाण बदलल्यावर वेगदर्शकाचे माप पुन्हा तपासून घ्यावे. ज्या गाडीत वेग शाफ्टावरून मोजला जातो तेथे योग्य प्रमाणाने काटा बहुतांशी सुधारतो, इतरत्र नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. क्राऊन-पिनियन बदलून एंजिनाची ओढ परत मिळविता येते. ब्रेकची पकड मात्र त्याने परत येत नाही. ब्रेक चाकाच्या तुंब्यापाशी धरतो, आणि टायर मोठा झाल्यावर त्याच दाबाने जमिनीवर पडणारा रोध आठ टक्के कमी होतो. त्यात टायराचे वजन वाढलेले व गाडी उंच झालेली. घाट उतरताना हा हिशेब जिवावर बेतू शकतो. म्हणून ज्याने टायर मोठे केले त्याने ब्रेकची तपासणी व आवश्यक ती सुधारणा आधी करावी, ओढीचा विचार मागाहून.

आणि एवढे सर्व करून मिळाले काय? व्यास ७० मिलिमीटर वाढला, परंतु आसाची जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे ३५ मिलिमीटर, दोन बोटे काय ती वाढली. तेवढ्यासाठी हा खटाटोप करावयाचा की मूळ मापातच चिखलाचे खोल नक्षीचे टायर घ्यावयाचे, हे प्रत्येकाने आपल्या जमिनीकडे पाहून ठरवावे.

आपल्या देशात कायद्याचाही विचार केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करिता येत नाही. टायर किंवा आस बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कचेरीत व विमा कंपनीकडे चौकशी करणे शहाणपणाचे होय. अपघातानंतर ही चौकशी करण्यात अर्थ नाही.

९. ट्रॅक्टरास हेच गणित

मालमोटार ज्यांच्यापाशी नाही अशा वाचकांसही या गणिताचा उपयोग आहे. ट्रॅक्टरचे मागील टायर मोठे केले असता प्रत्येक गिअरात जमिनीवरचा वेग वाढतो. परंतु मागील पीटीओ शाफ्टचे ५४० फेरे एंजिनाशी बांधलेले असल्याने ते वाढत नाहीत. परिणामी रोटाव्हेटरचे प्रत्येक पाते पूर्वीपेक्षा मोठा घास घेते व ढेकळे जाड राहतात. अशा वेळी एक गिअर खाली चालवावे.

चार चाकी जोराच्या ट्रॅक्टरात तर अधिक सावध असावे. त्यात पुढील चाकांचा कडेचा वेग मागील चाकांपेक्षा शेकडा एक ते पाच अधिक ठेवलेला असतो, म्हणजे पुढील चाके गाडीस किंचित ओढीत राहतात. केवळ मागील टायर मोठे केल्यास हा मेळ नाहीसा होतो, पुढील चाके उलट रोध करू लागतात, आणि पुढील आसाचे दाते व टायर दोन्ही झपाट्याने झिजतात. म्हणून पुढील व मागील टायर निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे जोडीनेच बदलावेत.

१०. सारांश

टायर जमिनीसाठी निवडावा, आणि आसाचे प्रमाण ओझ्यासाठी. या दोहोंचा गोंधळ केला म्हणजे पैसा जातो व गाडीही बिघडते. टायर विकत घेण्यापूर्वी जुन्या व नव्या टायराचा व्यास कागदावर लिहावा, आसाचे प्रमाण मोजावे, नवे परिणामी प्रमाण काढावे, आणि आपली गाडी वर्षातून किती दिवस ओझ्यासह चढण चढते याचा प्रामाणिक हिशेब करावा. हिशेब बदलाच्या बाजूने लागला तर दोन्ही आसांची जोडी, कुशल कारागीर व ब्रेकची सुधारणा या तिहींचा खर्च एकत्र मांडावा. तो झेपत नसेल तर मूळ टायर हेच उत्तम टायर होत. बी पेरण्यापूर्वी जमिनीची परीक्षा करणारा शेतकरी यंत्राच्या बाबतीत मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो, हे योग्य नव्हे. खडू, मोजपट्टी व अर्धा तास एवढ्यावर ही परीक्षा होते. ती आमचे वाचक करतील अशी आम्हांस उमेद आहे.